पेटीवाल्याची खाच

फार पूर्वी, लाकूडसुद्धा बोलायचं अशा काळात, एका गावात एक पेटीवाला राहत होता. त्याची कला बघून भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. त्याने सागवानाची एक पेटी बनवली. काखेत मावेल एवढीच, पण आत छोटे छोटे खण. खणात लाकडी पाखरू बसवलं की ते बोलू लागायचं. एक पाखरू पहाटे उठवायचं, एक वाट चुकलेल्याला रस्ता दाखवायचं, एक दूर दिलेल्या लेकीचा निरोप आणायचं. घरोघरी पेटी झाली. पेटी नाही असं घर म्हणजे जावयाला दाखवायची सोय नाही.

पाखरं गावातले कारागीर कोरायचे. पण कोणतंही पाखरू खणात नुसतं ठेवून भागत नसे. त्याच्या पायाखाली पेटीवाल्याने स्वतःच्या हाताने खाच पाडावी, तेव्हाच ते बसायचं आणि बोलायचं. खाच पाडण्याआधी तो पाखरू उलटंपालटं करून बघायचा, पोटात काही लबाडी नाही ना ते तपासायचा, आणि त्याच्या विक्रीतला भला मोठा वाटा आपल्याकडे ठेवायचा. कारागीर कुरकुरायचे. पण गिऱ्हाईक सगळं पेटीपाशी, मग जाणार कुठे?

शेजारच्या बाजारात दुसऱ्या पेट्याही मिळायच्या. त्यांना खाचबीच काही नव्हती, कुणीही काहीही बसवावं. तिथल्या एका पाखराने म्हणे घरातली गुपितं ऐकून चोराला सांगितली होती. म्हणून आपल्या गावचे लोक म्हणायचे, "आपली पेटीच बरी. बघणारा कुणीतरी आहे." मी त्यांना नावं ठेवत नाही. निवांत झोप कुणाला नको असते?

त्याच गावात पाखरं कोरणारी एक बाई होती. तिचं पाखरू म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून द्यायचं. तीही कशी, तर अगदी हळू, कानाशी, "आजी, काढा घेतला का?" लोकांना ते फार आवडलं. इतकं आवडलं, की पेटीवाल्याने स्वतःचंच औषधाचं पाखरू काढलं. ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "पोट साफ होण्याची पुडी घ्याऽऽ!" आणि त्या दिवसापासून बाईच्या पाखरांना खाच मिळेनाशी झाली.

बाई त्याच्या दारात गेली. "मालक, माझ्या पाखरात काय खोट निघाली?"

"खोट काही नाही," पेटीवाला म्हणाला. "आता गरज नाही, एवढंच. माझं आहे ना."

"अहो, पण माझं घर त्यावर चालतं. खाच नाही मिळाली तर गाव सोडावं लागेल मला."

"तुला अडवलंय कोणी? शेजारच्या बाजारात वीक."

"तिथल्या पेट्यांपाशी आपल्या गावची माणसं कुठे आहेत?"

"तो काय माझा दोष? चांगली वस्तू बनवली, लोकांनी घेतली."

यावर काय म्हणावं, खरं सांगू, मला चटकन सुचत नाही. पण बाईने हातपाय गाळले नाहीत. ती राजाकडे गेली आणि म्हणाली, "महाराज, याने गावाची मक्तेदारी घेतलीय."

राजा भला माणूस होता. त्या राज्यात या बाबतीत एकच कायदा होता, आणि तो बायाबापड्यांनाही पाठ होता: अंगण ज्याचं त्याचं, पाणवठा सगळ्यांचा. आपल्या अंगणात कुणाला येऊ द्यायचं ते मालकाने ठरवावं. पाणवठ्यावर मात्र कुणी कुणाला अडवायचं नाही.

"मग सोपं आहे," पेटीवाला म्हणाला. "पेटी मी बनवली. ते माझं अंगण."

"सगळं गाव जिथे जमतं ते अंगण कसलं?" बाई म्हणाली. "तो पाणवठा झाला."

राजाला पेटीवाल्याचं पटलं. मग बाईचं पटलं. त्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान म्हणाला, "महाराज, एका बाजूने बघितलं तर अंगण आहे. दुसऱ्या बाजूने बघितलं तर पाणवठा." असा प्रधान असला की राजाला शत्रू लागत नाहीत.

पण अशा तंट्यासाठी गावात एक जुनी रीत होती. वादातली जागा एक दिवस बंद ठेवायची. एकट्या मालकाचं अडलं तर ते अंगण. गावाचं अडलं तर तो पाणवठा. राजाने हुकूम काढला, "उद्या उजाडल्यापासून सगळ्या पेट्या बंद. मी सांगेन तेव्हाच उघडायच्या." गावाला हुकूम सांगायचं काम हल्ली पेटीतलं दवंडीचं पाखरू करत असे. त्याने तो घरोघरी ऐकवला, आणि सकाळी पेट्या बंद झाल्या.

मग काय विचारता! कुणाला जाग आली नाही, कुणाची बैलगाडी भलत्याच गावाला गेली, लग्नाचं बोलणं करायला निघालेले पाहुणे दुसऱ्याच्याच घरी जेवून आले. दुपारी लोक राजवाड्यात जमले आणि एकच गलका झाला.

राजा म्हणाला, "गावाचं अडलं. म्हणजे पाणवठा."

"थांबा महाराज," पेटीवाला म्हणाला. "हलवायाने दुकान बंद ठेवलं तर पोरं रडतील. म्हणून काय हलवायाचं दुकान गावाचं झालं?"

राजाला हे पटलं.

"हलवाई एक गेला तर दुसरा आहे," गर्दीतून एक म्हातारा म्हणाला.

"पेट्याही दुसऱ्या आहेत की! घ्या ना, बाबा," पेटीवाला म्हणाला.

"घेतली असती. पण माझी लेक गेली, आणि तिचे सगळे निरोप या पेटीतल्या पाखराच्या पोटात आहेत. दुसऱ्या पेटीत ठेवलं की ते मुकं होतं. मी काय तिला सोडून जाऊ?"

राजाला हेही पटलं. आता त्याचं डोकं गरगरायला लागलं. माणसाला सगळ्यांचंच पटायला लागलं की त्याचे फार हाल होतात. तो म्हणाला, "आजच्यापुरतं पुरे. पेट्या उघडा म्हणावं सगळ्यांना. दवंडी द्या."

प्रधान दवंडीच्या पाखराकडे वळला आणि तसाच थांबला. पाखरू पेटीत होतं, आणि घरोघरच्या पेट्या राजाच्याच हुकमाने बंद होत्या.

"तोंडी सांगा मग," राजा म्हणाला.

शिपाई निघाले. पण गावाला आता तोंडी हुकमाची सवय राहिली नव्हती. लोक म्हणाले, "शिपाई काय, कुणीही पागोटं घालून येईल. दवंडीचं पाखरू सांगेल तेव्हाच खरं." जे दुपारी राजवाड्यात येऊन गेले होते तेही घरी जाऊन पेटीपुढे बसून राहिले. पाखरू सांगेपर्यंत पेटी उघडायची नाही, आणि पेटी उघडेपर्यंत पाखरू सांगणार नाही. एवढी शहाणी माणसं, पण एकाच्याही हे लक्षात येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा स्वतः निघाला. पहिल्याच घरी एक आजी दारात आली.

"आजी, मी राजा. पेटी उघडा."

आजीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "असशील बाबा राजा. मुकुटही छान आहे. पण पाखरू काही बोललेलं नाही."

राजा दुसऱ्या घरी गेला, तिसऱ्या घरी गेला. सगळीकडे तीच तऱ्हा. पेटीवाला मागून चालत होता. त्यालाही घाई होती, धंदा बुडत होता. शेवटी न राहवून तो पुढे झाला आणि आळीच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "अहो, उघडा पेट्या. मी सांगतोय."

खटाखट झाकणं उघडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक घर मागे राहिलं नाही.

राजा रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. पेटीवाला मात्र गोंधळून इकडेतिकडे बघत होता. आपलं ऐकतात हे त्याला ठाऊक होतं, पण राजाला डावलून ऐकतील हे त्याच्याही ध्यानीमनी नव्हतं.

राजाने तिथेच निवाडा दिला. "पेटीवाले, मक्तेदारी कशाला म्हणायचं ते मला अजून धड कळलेलं नाही. पेटी तुमची, कला तुमची, खाचही तुमची. कबूल. पण माझा शब्द जिथे तुमच्या शब्दावाचून चालत नाही, त्या जागेला मी अंगण म्हणू शकत नाही. यापुढे प्रत्येक पेटीत एक खण बिनखाचेचा ठेवा. त्यात काय बसवायचं ते घरचा माणूस ठरवील. आणि कुणी पेटी बदलली तर पाखराने मुकं व्हायचं नाही."

"चोर पाखरं शिरतील, महाराज. मग माझ्या नावाने बोंब मारू नका."

"शिरतील," राजा म्हणाला. "हेही खरंच आहे."

आणि शिरलीही. एकाच्या घरातलं भांडण एका पाखराने चावडीवर जाऊन जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लोक राजाला शिव्या देत पुन्हा पेटीवाल्याकडे धावले. अर्ध्या गावाने तर बिनखाचेच्या खणाला भीतीने हातच लावला नाही. पण उरलेल्या अर्ध्या गावात बाईचं पाखरू पुन्हा बसलं, आणि तिला गाव सोडावं लागलं नाही.

एक दिवस पेटीवाला जेवायला घरी आला, तर त्याच्या आईच्या पेटीतून हळू आवाज आला, "आजी, काढा घेतला का?"

"आई! तू सुद्धा?"

"मग काय करू?" म्हातारी म्हणाली. "तुझं फार ओरडतं हे तुला आजवर सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग नव्हता. दुसरं मिळत होतं का?"

पेटीवाला जेवला नाही. रागावून माडीवर जाऊन बसला. संध्याकाळी मात्र त्याने पटाशी घेतली आणि आपलं पाखरू पुन्हा कोरायला काढलं. या खेपेस त्याने आईला आधी विचारलं, तुला कसं हवंय.

तेव्हापासून प्रधान राजाला अधूनमधून विचारतो, "महाराज, मग ते शेवटी अंगण होतं की पाणवठा?" राजा म्हणतो, "जेवण झालं की सांगतो." अजून सांगितलेलं नाही.

तात्पर्य, मला उमगलं तेवढं: वस्तू कोणाची हा प्रश्न रास्तच आहे, पण मालकाने नाही म्हटल्यावर आपल्याला दुसरीकडे जाता येतं का, हे त्याच्याआधी विचारावं.