डावी पाकळी

एका गावातला झरा आटला, तो तिथल्या गुरवामुळे. पाऊस कमी झाला, काळच फिरला, असं तिथली म्हातारी मंडळी अजून सांगतात. त्यांचं ऐकू नका.

गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. राईतून झरा यायचा. अख्खं गाव तेच पाणी प्यायचं, गुरवाची पोफळीची बागही त्यावरच जगायची. ती बाग त्याची सून राबून सांभाळायची.

राईतली काडी मोडायची तरी देवाचा कौल लागे. गुरव झऱ्याच्या पाण्यात दोन पाकळ्या भिजवून देवाच्या छातीवर चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मानकऱ्याला नव्या घरासाठी लाकूड हवं होतं. गुरवाने कौल लावला. उजवी पाकळी टपकन पडली.

"देवानेच सांगितलं, राई तोडा!" मानकरी म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनेच्या मनात मात्र पाल चुकचुकली. घरात फणस फोडलेला नव्हता, तरी देवळातून आल्यापासून मामंजी बोटांना खोबरेल चोळत बसले होते. फणसाचा चीक तेलाशिवाय सुटत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तीन दिवसांनी ती देवळात डोकावली. डावी पाकळी वाळून काळी पडली होती, पण जागची हलली नव्हती. कडेला एक माशीही चिकटून मेली होती.

ती तडक पारावर गेली. "मामंजी, हात धुवा आणि सगळ्यांसमोर पुन्हा कौल लावा."

"देवावर संशय घेतेस?" मानकरी गुरकावला.

"देवावर नाही. मामंजींच्या बोटांवर."

"काल आलेली पोर, आम्हाला अक्कल शिकवते!" एक म्हातारा खेकसला. मानकऱ्याने त्याला राईच्या लाकडातून दाराच्या फळ्या कबूल केल्या होत्या. गुरवाला झोपाळा.

गुरव एक शब्द खरा बोलला असता तरी राई वाचली असती. त्याने हात धोतराच्या सोग्यात लपवले.

"सूनबाई, घरी जा," तो म्हणाला.

राई पडली. दोन पावसाळ्यांत वरची माती वाहून गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला.

गाव पुन्हा देवळात जमलं. "विहीर कुठे खणायची? लाव कौल!"

गुरवाने पाकळ्या घेतल्या. भिजवायला तांब्यात थेंब नव्हता. त्याने कोरड्याच लावल्या. दोन्ही खाली. पुन्हा लावल्या, पुन्हा खाली.

"चीक लावा ना, मामंजी," मागून सून म्हणाली. "तो घट्ट धरतो."

कोणी हसलं नाही. सगळे गुरवाच्या बोटांकडे बघत राहिले.

तात्पर्य काय, तर झाडं तोडायला जो देवाचं नाव पुढे करतो, त्याची आधी बोटं बघावीत. या गावाने ती बघितली, पण उशिरा. गुरवाला झोपाळा मिळाला. त्याच्या पोफळी उभ्या वाळल्या, आणि कौल लावायला त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही.