शामेचे डोहाळे

चंपानगरीत दृढवर्मा राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने जनावरांच्या वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. शामा ही राजाची शिकारी कुत्री, त्याची फार लाडकी. एके वर्षी तिचे पोट वाढू लागले आणि राजवाड्यात आनंदीआनंद झाला. राणीने तिला हिरवे वस्त्र पांघरले, दासी डोहाळे पुरवू लागल्या. राजाने तर शेजारच्या राजाला दोन पिल्ले देण्याचा शब्दही देऊन टाकला. शामा रात्रभर पलंगापाशी बसून राही, आडवी होत नसे. "काय इमान!" म्हणत राजा तिला खारवलेले मांस स्वतःच्या हाताने भरवी. सगळ्यांना हौस भारी, पण तिला काय होते आहे हे कोणी पाहिलेच नाही.

बोधिसत्त्वाला बोलावले ते बाळंतपणाची वेळ सांगायला. त्याने शामेच्या बरगड्यांना कान लावला, पोट हलकेच दाबून पाहिले.

"महाराज, पोटात पिल्ले नाहीत, पाणी आहे. हृदयात गाठ झाली आहे, ते थकले आहे. आडवे होताच तिला श्वास पुरत नाही, म्हणून ती बसून राहते."

राजाचा चेहरा उतरला. प्रधान पुढे होऊन हळूच म्हणाला, "वैद्यराज, महाराजांनी शब्द देऊन टाकला आहे. आज होकार द्या, पुढे पिल्ले मेलेली निघाली म्हणू. एक गाव तुमच्या नावे करून देतो."

"तसे म्हणता येईल," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "पण तोवर श्वासासाठी तळमळायचे कोणी? तिनेच ना?"

राजाने हे ऐकले. तो खाली शामेजवळ बसला. "बरी होईल?"

"नाही, महाराज. मेलेल्या कुत्र्यांची अशी हृदये मी उघडून पाहिली आहेत. ही गाठ जात नाही. पण मीठ बंद करा, शिकार बंद करा, पुनर्नवेचा काढा द्या. पाणी उतरेल आणि ती झोपेल. एवढे मी नक्की सांगतो."

काही दिवसांनी शेजारच्या राजाचा दूत पिल्ले न्यायला दरबारात आला. शामा राजाच्या पावलावर डोके ठेवून कुशीवर गाढ झोपली होती आणि पाय हलू नये म्हणून राजा अवघडून बसला होता. दूताने मोठ्याने जयजयकार केला. राजाने ओठांवर बोट ठेवले.

"पिल्ले नाहीत," तो कुजबुजला. "माझा शब्द खोटा पडला, तसे तुमच्या महाराजांना सांगा. पण हळू बोला, ती झोपली आहे."

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा प्रधान म्हणजे हा पुण्णक, जो आजारी सोबत्याला 'तुला काही झालेले नाही' असे सांगत राहिला. राजा म्हणजे औषध घेऊन आलेला उपासक वसुल. शामा म्हणजे खांबाला टेकून बसलेला हा आजारी भिक्षू. आणि वैद्य मी होतो."

पुण्णक उठला आणि त्याने आजाऱ्याच्या पाठीशी लोड सरकवून दिला. बोधिसत्त्वाने त्या जन्मी पाळलेल्या या पारमितेचे, म्हणजे परमगुणाचे, नाव सत्य.