दोन नावांमधली ओळ

“आणि ती रिकामी ओळ काढून टाकली तर?”

विचारणारे सदानंदगिरी. मठाचे महंत. समोर कौस्तुभ, मांडीवर लॅपटॉप. मठात येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, पण मठाची वेबसाइट त्याच्या हातात आली होती आणि मान तेव्हापासून ताठ होती.

“काढली की वेबसाइटवरची यादी घट्ट होते, महाराज. स्टार टाकायचा, नाव लिहायचं. खाली परत स्टार, परत नाव. नावं एकमेकांना चिकटून बसतात. मधे रिकामी ओळ सोडली की प्रत्येक नाव सुटं होतं.”

“आणि नावाखालचं गाव?”

“नावाच्या शेवटी दोनदा स्पेस दाबायचा. मग गाव खालच्या ओळीवर उतरतं. नाही दाबला तर ते नावाच्याच शेपटीला लागतं.”

“त्या दोन जागा दिसतात का रे?”

“दिसत नाहीत. पण काम करतात.”

“मग काढल्यास का?”

“यादी लांबत होती, महाराज! चार पडदे होत होते. मी एका पडद्यावर बसवली.”

तो हसला. शाबासकीसाठी जागा ठेवून हसला.

...

आदल्या दिवशी मठाचा स्मरणदिन झाला होता. त्या दिवशी गेलेल्यांची नावं वाचतात. नाव घेतलं की ज्याचं माणूस असेल तो उठतो, अंगणातल्या बेलाच्या मुळाशी तांब्याभर पाणी घालतो. मग पुढचं नाव.

यादी महंतांनी स्वतः एका बोटानं टाइप केलेली. पूर्वी वाचायचेही तेच. आता अक्षर दिसेना, म्हणून यंदा कौस्तुभनं पडद्यावरून वाचली. सरळ, खाडखाड.

विश्वस्त खूश. जेवणं वेळेवर झाली. त्यांतले अप्पा खेडकर तर म्हणाले, “पोरानं काय आटोपशीर काम केलं!” असल्या लोकांना मेलेल्यांची घाई असते आणि बुंदीची आठवण.

...

“रामनाथ ढाकणे,” महंत म्हणाले. “हे नाव वाचलंस काल?”

“सगळीच वाचली.”

“त्याची आई आली होती. अनसूया. पोरगा उसाच्या ट्रॉलीखाली गेला, तेव्हापासून दर वर्षी येते. गुडघे गेलेत तिचे. आधी तांब्या बाजूला ठेवते. मग हात टेकते. मग एक पाय...”

ते थांबले.

“तू नाव घेतलंस. तिनं हात टेकला. तू पुढचं घेतलंस. ती गुडघ्यावर आली तोवर तू आणखी पुढे. पुढच्या नावांची माणसं तिच्या अंगावरून भराभर गेली. ती खाली बसली.”

“मग नंतर जायचं ना. बेल काय पळून चालला होता?”

“नाव गेल्यावर?”

कौस्तुभनं लॅपटॉप अर्धा मिटला.

“मला पडद्यापलीकडे काही दिसत नव्हतं.”

“हं.”

“मग... पाणी?”

“भरला तांब्या तसाच ठेवून गेली. सकाळच्या एसटीनं. म्हणाली, ‘आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, महाराज. फुडल्या साली माझी वाट बघू नका.’”

अंगणात कुणीतरी पत्रावळी गोळा करत होतं.

मग कौस्तुभ उसळला.

“तुम्ही समोर बसला होतात! तुम्हाला सगळं दिसत होतं. तोंडातून एक शब्द का नाही फुटला? विश्वस्तांची तोंडं बघत बसलात?”



मोठी माणसं चूक डोळ्यांनी बघतात आणि गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला आपण शांती म्हणतो. वर पाया पडतो.

“आधी वाटलं, तू थांबशील,” महंत म्हणाले. “मग वाटलं, चारचौघांत तुला कशाला टोकू. तुझी मान खाली जाईल.”

कौस्तुभनं लॅपटॉप पुरता मिटला.

“तुझी ताठ राखली मी. तिची खाली गेली.”

“मी फोन करतो त्यांना.”

“फोन नाही तिच्याकडे.”

“मग गावी जातो. पाय धरतो.”

“जा. ‘असू दे, बाळा’ म्हणेल. तुला बरं वाटेल.”

“आणि त्यांना?”



कौस्तुभनं लॅपटॉप पुन्हा उघडला. सगळ्या ओळी एका झटक्यात परत आणता येतात, ते त्याला येत होतं. त्यानं ते केलं नाही. एकेका नावापाशी गेला. शेवटी दोन स्पेस. खाली गाव. मग रिकामी ओळ. पुढचं नाव.

ऊन उंबऱ्यावरून आत आलं. महंत हलले नाहीत.

“झालं,” तो म्हणाला.

“वाच.”

“आता? कुणी नाही इथे.”

“वाच.”

सभामंडपात कालच्या सतरंज्या तशाच पसरलेल्या. कौस्तुभ वाचू लागला. आवाज कालचा नव्हता. एक नाव. त्याचं गाव. थोडं थांबणं. पुढचं नाव.

“रामनाथ ढाकणे,” त्यानं वाचलं.

“बोरसेवाडी.”

थांबला. श्वास आत घेतला, सोडला. एवढं पुरे, असं वाटून पुढच्या नावासाठी तोंड उघडलं.

महंतांचा तळहात वर झाला. ते त्याच्याकडे बघतच नव्हते. रिकाम्या सतरंजीकडे बघत होते.

“थांब,” ते म्हणाले. “ती अजून उठतेय.”