चंदनाशेजारची तूर

"आणि शेजारची तूर कधी उपटलीस?" निर्मळगीर महाराजांनी विचारलं.

विद्याधर गोंधळला. चंदनाचं रोप पिवळं का पडतंय, एवढंच विचारायला तो आला होता. यात तुरीचा काय संबंध?

"तीन आठवडे झाले असतील," तो म्हणाला. "घातलेलं पाणी सगळं तीच पीत होती."



विद्याधराचा जीव त्या रोपात अडकला होता. डोंगरावरच्या गुहेत एकट्याने राहायचं, कोणाचं तोंड बघायचं नाही, नुसती साधना करायची, अशी परवानगी तो मठात आल्यापासून मागत होता. महाराजांनी त्याच्या हातात चंदनाचं वीतभर रोप ठेवलं. याला फूल आलं की खुशाल जा, म्हणाले.

शास्त्र्यांच्या घरातला हा मुलगा. घरी कधी तांब्या उचलला नव्हता. तो रोज विहिरीवरून कळशी आणू लागला. रोपाभोवती त्याने गवताची काडी उगवू दिली नाही.

राहता राहिली ती तूर. ती सटवाजीने लावलेली. सटवाजी म्हणजे मठात भाकऱ्या थापणारा म्हातारा. त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे. याला डाळीचा सोस, म्हणून याने देवाच्या झाडाचा शेजारही सोडला नाही, असा विद्याधराचा समज. सटवाजी बाजाराला गेलेला बघून त्याने तूर ओढून काढली होती.

महाराज खुरपं घेऊन उठले. रोपापाशी उकिडवे बसून त्यांनी माती हलक्या हाताने बाजूला केली. एक बारीक मूळ दिसलं. ते तूर होती त्या बाजूला गेलं होतं.

"हे मूळ कोणाचं?"

"चंदनाचं."

"आणि त्याने धरलंय ते?"

विद्याधराने वाकून पाहिलं. चंदनाच्या मुळाला बारीकशी गाठ आली होती आणि त्या गाठीत दुसऱ्याच एका मुळाचा तुटका तुकडा अडकला होता. तो वाळला होता. चंदनाने तो अजून सोडला नव्हता.

"तुरीचं..." तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

मग महाराजांनी सांगितलं, की चंदन नुसत्या आपल्या मुळांवर जगत नाही. ते शेजाऱ्याच्या मुळाला धरतं आणि त्याच्यातलं घेतं. कोवळेपणी शेजारी नसेल तर ते सुकतं. म्हणून चंदन लावणारा माणूस जवळ तूर पेरतोच.

"हे मला आधी का नाही सांगितलंत, महाराज?"

"सटवाजी रोज सांगत होता. तू त्याच्याकडे पाठ करून जप करत होतास."

विद्याधराला फार लाज वाटली.

तेवढ्यात सटवाजी मूठभर तूर घेऊन आला. रागावला वगैरे नाही. त्याने रोपाच्या बाजूला बोटाने खळगे केले, दाणे टाकले, माती लोटली. हे उगवून मोठं होईपर्यंत रोपाने तग धरला तर वाचेल म्हणाला, आणि मग तवा तापलाय असं पुटपुटत चुलीकडे गेला.

विद्याधराने उघडं पडलेलं मूळ पुन्हा मातीने झाकलं.

शेवटी त्याने हात जोडले.

"महाराज, आता कळलं. मला गुहा नको. सटवाजीसारखी माणसं खाली राबतात, तेव्हा कुठे आपल्यासारख्यांचा सुगंध दरवळतो. यापुढे मी त्यांना कधी हलकं लेखणार नाही."

महाराजांनी खुरप्याची माती झटकली.

"तू चंदन आहेस, हे तुला कोणी सांगितलं?"