दोडक्याची भाजी

तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात एका दुपारी बँकेच्या नावाने ईमेल आला: 'पाच वाजेपर्यंत पासवर्डची खात्री करा, नाहीतर खाते बंद होईल.' पाचला दहा मिनिटे उरली होती, आणि साठ मुलींचे जेवण त्याच खात्यावर चालत होते.

अध्यक्ष आप्पासाहेब शितोळे यांनी लिंक उघडली. हुबेहूब बँकेचे पान समोर आले.

"गवंडेबाई, पासवर्ड सांगा," ते कारकून बाईंवर खेकसले.

"आधी बँकेत विचारू या, आप्पासाहेब. मला हे खरं वाटत नाही."

"बँकेचं चिन्ह दिसत नाही का? सातवी शिकलेल्या बाईने मला शिकवू नये. खातं बंद पडलं तर उद्यापासून कामावर येऊ नका."

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला आणि सावकाश काहीतरी टाइप केले. पानावर अक्षरे उमटली: 'धन्यवाद. तुमचा पासवर्ड बरोबर आहे.'

"बघा, वाचलं खातं," आप्पासाहेब खुर्चीत रेलले.

"वाचलं खरं. मी 'दोडक्याची भाजी' असं टाइप केलं होतं," बाई म्हणाल्या. "खऱ्या बँकेने ते लगेच नाकारलं असतं. याला दोडकाही बरोबर वाटला, कारण आपला पासवर्ड याला ठाऊकच नाही. म्हणून तर मागतोय."