चौथा खांदा

फार मागे, राजे हत्तीवरून फिरत होते त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच होती.

एका डोंगराळ मुलखात एक माणूस राहायचा. त्याच्या पायात वहाण नव्हती. जहागीरदाराने मुलखातला एकुलता तलाव काटेरी कुंपण घालून अडवला, तेव्हा हा माणूस गावोगाव चालला. दारोदार म्हणाला, "माझ्यामागे या." लोक गेले. त्याने रक्ताळलेल्या पायांनी कुंपण तुडवलं आणि पहिली ओंजळ एका म्हातारीला पाजली.

पुढे राजाने मुलखाला आपला प्रमुख निवडायला सांगितलं. लोकांनी यालाच निवडलं आणि सगळे त्याला आबा म्हणू लागले. गुलाल उधळला, त्याला खांद्यावर घेऊन नाचले.

तिथेच चुकलं. संध्याकाळ झाली तरी कुणी त्याला खाली उतरवलं नाही. तोही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी बांबूंना खुर्ची बांधली. ती उचलायला चार तरुण पुढे आले. त्यांतला एक दोन भावांमधला थोरला होता. खांद्याला पडलेले घट्टे तो घरी कौतुकाने दाखवायचा. धाकटा चिडायचा.

"दादा, त्यांना पाय नाहीत का?"

"गप रे. आबांनी आपल्याला पाणी दिलं."

"पाणी तलावाचं होतं!"

सात वर्षं गेली. आबा खुर्चीतच जेवू लागले, खुर्चीतच न्याय करू लागले. वरून त्यांना माणसांची फक्त डोकी दिसत. तलावाला पुन्हा कुंपण पडलं. या वेळी ते आबांच्या मेहुण्याचं होतं.

एका उन्हाळ्यात थोरला तापाने फणफणला होता. घाट चढताना म्हणाला, "आबा, जरा टेकू द्या."

"अरे, वाघ ना तू माझा! हे एवढं वळण."

वळण संपलं, तेव्हा थोरलाही संपला होता. आबा वरून म्हणाले, "बदली माणूस घ्या. सभेला उशीर होतोय."

तिरडीला चार खांदे लागतात. धाकटा, म्हातारा बाप आणि शेजारचा कुंभार, तीनच झाले. बाकी सगळे तरणे आबांच्या मिरवणुकीत होते. तिघांनीच तिरडी उचलली. वाटेत ती मिरवणूकच आडवी आली.

धाकटा ओरडला, "आबा, खाली उतरा! एक खांदा कमी आहे. सात वर्षं यानं तुम्हाला उचललं. तुम्ही याला नदीपर्यंत उचला!"

वाजंत्री थांबली. आबांनी गळ्यातला हार काढून वरूनच तिरडीवर फेकला.

"गुणी पोरगा होता. चला रे."

खुर्चीखालचा एक तरुण हललाच नाही. त्याने बांबू सोडला आणि तो तिरडीखाली शिरला. खुर्ची कलंडली. आबा धुळीत पडले. उठायला गेले, तर पाय काड्यांसारखे लटपटले.

"उचला मला! ए, उचला!"

कुणी वळून पाहिलं नाही. सगळी मिरवणूक तिरडीमागे निघून गेली.

नदीवरून लोक परतले, तेव्हा आबा तिथेच बसून होते. "घसा सुकला रे. पाणी द्या."

धाकट्याच्या हाताला अजून राख होती. "पाणी तलावात आहे," तो म्हणाला. "चालत जा. मधे तुमच्या मेहुण्याचं कुंपण लागेल. ते तुडवा. तुम्हाला येतं."

आबा दोन पावलं चालले आणि पडले. कुंपण त्या दिवशी लोकांनीच उपटलं. पण थोरला काही परत आला नाही.

बोध एवढाच: ज्याला खांद्यावर घ्याल, त्याला त्याच संध्याकाळी खाली उतरवा, नाहीतर तो तुमच्या घरातला एक माणूस घेऊनच उतरेल.