टिचकी आणि पाच चिंचोक्यांचा कॉम्प्युटर

एक होती खार. खार कसली, टीचभर पोर! तिचं नाव टिचकी.

बगळेमास्तरांकडे होता एक कॉम्प्युटर. रोज सकाळी टिचकी त्यांच्या खिडकीत बसायची. कॉम्प्युटरवर अक्षरं यायची. क आला. ख आला. ग आला. असं करत करत झ पण आला.

"मास्तर, माझं अक्षर कधी येणार?"

"येणार, येणार. आता अगदी जवळ आलंय!"

आणि एक दिवस काय झालं? तळं आटलं. मास्तर उडाले दुसऱ्या तळ्यावर. कॉम्प्युटर पण नेला, चोचीत धरून! टिचकीचं अक्षर राहिलंच. तिला फार फार वाईट वाटलं.

पण टिचकी ती टिचकी! म्हणाली, "मी माझ्या घरी कॉम्प्युटर आणीन."

तिने चिंचेखाली शोधलं. पाल्याखाली शोधलं. मिळाले किती? पाच चिंचोके. बांधली पुरचुंडी, टाकली पाठीवर, आणि निघाली.

सुर्र सुर्र, खळक खळक!

आधी लागलं मोराचं दुकान. सगळे कॉम्प्युटर नवेकोरे. चकचक! लखलख!

मोर म्हणाला, "हा घे! हा नाचतो, हा गातो, हा सात रंगांत चमकतो!"

"अक्षरं दाखवतो?"

"दाखवतो की!"

"केवढ्याला?"

"फक्त शंभर चिंचोके."

बापरे! शंभर! टिचकी म्हणाली, "मला नाचणारा नको. गाणारा नको. मला अक्षरं हवीत." बघा, केवढीशी, पण किती शहाणी!

शेजारी होतं साळिंदरकाकांचं दुरुस्तीचं दुकान. काका आपल्याच काट्याने स्क्रू पिळत बसले होते. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. पिवळा पडलेला. एका बाजूला चेपलेला.

"काका, हा अक्षरं दाखवतो?"

"दाखवतो."

"सगळी?"

"सगळी."

"केवढ्याला?"

"पाच चिंचोके. पण पोरी, याची वायर नाही. कावळ्याने नेली घरट्याला. वायर आण, कॉम्प्युटर ने."

"आणते!" म्हणाली टिचकी.

सुर्र सुर्र, खळक खळक!

कावळा बसला होता घरट्यात. टिचकी म्हणाली,

"कावळेदादा, कावळेदादा, वायर दे!
वायर साळिंदरकाकांना,
कॉम्प्युटर मला,
मग दिसेल मला माझं अक्षर!"

कावळा म्हणाला, "काव काव! वायर काढली तर घरटं मोडेल. काड्या आण, वायर ने."

"आणते!" म्हणाली टिचकी.

सुर्र सुर्र, खळक खळक!

लिंबाचं झाड उभं होतं उन्हात. टिचकी म्हणाली,

"लिंबबाबा, लिंबबाबा, काड्या दे!
काड्या कावळ्याला,
वायर साळिंदरकाकांना,
कॉम्प्युटर मला,
मग दिसेल मला माझं अक्षर!"

लिंब म्हणाला, "सळसळ! माझी मुळं तहानली गं. पाणी आण, काड्या ने."

"आणते!" म्हणाली टिचकी.

सुर्र सुर्र, खळक खळक!

जवळच होती हापशी. टिचकी म्हणाली,

"हापशीमावशी, हापशीमावशी, पाणी दे!
पाणी लिंबाला,
काड्या कावळ्याला,
वायर साळिंदरकाकांना,
कॉम्प्युटर मला,
मग दिसेल मला माझं अक्षर!"

हापशी म्हणाली, "खडखड! माझा दांडा दाब, पाणी ने."

टिचकीने मारली उडी. बसली दांड्यावर. दांडा हलला का? छे! टिचकी दांड्याला लटकली, शेपटी खाली, पाय वर!

हापशी हसली. "जोरवाली कुणी आण गं बाई!"

"आणते!" म्हणाली टिचकी.

सुर्र सुर्र, खळक खळक!

पारावर बसली होती माकडीण. मांडीवर तिचं पिल्लू. टिचकी म्हणाली,

"माकडीणताई, माकडीणताई, जोर दे!
जोर हापशीला,
पाणी लिंबाला,
काड्या कावळ्याला,
वायर साळिंदरकाकांना,
कॉम्प्युटर मला,
मग दिसेल मला माझं अक्षर!"

माकडीण म्हणाली, "येते गं, पण पिल्लू रडतंय. सकाळपासून रडतंय. खुळखुळा आण, मला ने."

"अँ अँ अँ!" पिल्लू रडतच होतं.

टिचकीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. वाटेत पडली होती एक रिकामी काडेपेटी. आत काय घालायचं? पुरचुंडीत होते चिंचोके. पण मोजून पाच! एक दिला तर उरले चार. चारात कॉम्प्युटर कोण देईल?

"अँ अँ अँ!"

टिचकीने पुरचुंडी सोडली. एक चिंचोका काढला. काडेपेटीत टाकला. पेटी केली बंद. खुळ खुळ, खुळ खुळ!

पिल्लू हसलं. खुदकन!

मग काय विचारता!

माकडिणीने जोर दिला हापशीला. खडखड खडखड!
हापशीने पाणी दिलं लिंबाला. झुळझुळ झुळझुळ!
लिंबाने काड्या दिल्या कावळ्याला. टपटप टपटप!
कावळ्याने वायर दिली टिचकीला. सुळ्ळकन!

आणि टिचकीने वायर ओढत ओढत आणली दुकानात. मागोमाग माकडीण, पिल्लू आणि कावळा. सर सर सर!

"शाब्बास!" म्हणाले साळिंदरकाका.

टिचकीने पुरचुंडी उलटी केली. एक. दोन. तीन. चार.

पुन्हा झटकली. काहीच नाही.

"काका, चारच आहेत. एक पिल्लाला दिला." टिचकीचा आवाज अगदी लहान झाला.

शेजारून मोर ओरडला, "चारात कॉम्प्युटर? म्याओ! म्याओ!"

काकांनी काटे फुलवले. मोर गप्प!

"टिचकी, ही वायर कुणाची?"

"तुमची, काका."

"कुणी आणली?"

"मी."

"मग आणणारीला मेहनतीचं नको मिळायला?" काकांनी गल्ला उघडला. एक चिंचोका काढला. टिचकीच्या हातावर ठेवला. "हा तुझा."

टिचकीने चिंचोक्याकडे बघितलं. काकांकडे बघितलं. आणि तो हळूच चारांच्या शेजारी ठेवला.

पाच!

माकडिणीने कॉम्प्युटर उचलला. कावळ्याने वायर धरली. काका मागे, पिल्लू पुढे, खुळ खुळ, खुळ खुळ! सगळे आले टिचकीच्या ढोलीत.

वायर लावली. बटण दाबलं. खट्! घुर्रर्र! लुकलुक!

क आला. ख आला. ग आला. घ आला. मोर ढोलीच्या तोंडाशी येऊन बसला, तोही बघायला लागला. च आला. छ आला. ज आला. झ आला.

टिचकीने श्वास रोखला.

आणि मग आला ट! केवढा मोठा, केवढा छान!

"ट कुणाचा?" साळिंदरकाकांनी विचारलं.

सगळे एकदम ओरडले, "ट टिचकीचा!"

टिचकीला मिळालं तिचं अक्षर. आता तुमचं कुठलं? चला, शोधू या.